क्रिमिनॉलॉजी शिकायची म्हणणाऱ्या ऐरोलीच्या मुलीला

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारावी झालीस, गुन्हे का घडतात हे शिकायचंय, पण आई म्हणते, "गुन्हेगारांचा कसला अभ्यास? त्यापेक्षा पोलीस भरती दे." आणि हे शिकून गुन्हे खरंच कमी होतात का, असंही तू विचारलंयस. मी ठाण्यात प्रोबेशन ऑफिसर होते, म्हणजे कोर्टासाठी आरोपींच्या घरची परिस्थिती तपासणारी आणि सुटलेल्यांवर लक्ष ठेवणारी अधिकारी. आता निवृत्त आहे. वयाने तुझ्या आजीएवढी, म्हणून अगं-तुगं करतेय.

आधी एक गोंधळ दूर करू. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, डीएनए हे सगळं फॉरेन्सिक, म्हणजे न्यायसहायक विज्ञान. गुन्हा कोणी केला ते त्यातून शोधतात, आणि त्याला सायन्सची बाजू लागते. क्रिमिनॉलॉजीचे, म्हणजे गुन्हेशास्त्राचे, प्रश्न वेगळे आहेत. हाच मुलगा का, इथेच का, आणि पुढचा गुन्हा कसा टळेल?

"इथेच का" घे. कळवा-मुंब्र्याच्या लोकलने जाणाऱ्याला 'फटका' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. रुळाकडेला उभा मुलगा दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारतो, मोबाइल पडतो, तो उचलून पळतो. आपण लगेच संस्कारांवर नाहीतर नशेवर येतो. कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ साली वेगळी मांडणी केली. गुन्हा करायला तयार माणूस, हाताशी येणारी वस्तू आणि अडवायला कुणी नसणं, या तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जुळल्या की गुन्हा घडतो. मग गाडी कुठे हळू होते, कुंपण कुठे तुटलंय, पळायची वाट कुठली, हे बघणंही अभ्यासच ठरतं. पश्चिम जर्मनीत १९८० मध्ये हेल्मेट नसलेल्या मोटारसायकलस्वाराला जागच्या जागी दंड सुरू झाला आणि मोटारसायकलींच्या चोऱ्या झपाट्याने घटल्या. संधी दिसली म्हणून गाडी पळवणाऱ्याकडे हेल्मेट नसतं, आणि त्याशिवाय निघाला तर पहिल्याच चौकात अडवला जातो.

आता माझ्या एका चुकीबद्दल सांगते, कारण हा विषय शिकावा असं मला त्याच चुकीमुळे वाटतं. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही काही जण शाळा बुडवणारी, टवाळक्या करणारी मुलं गोळा करून त्यांना कोठडी दाखवायला न्यायचो. एक अधिकारी दम द्यायचे, शिक्षा भोगून आलेला एक जण आतले हाल सांगायचा. मुलं रडायची, त्यांच्या आया आमच्यापुढे हात जोडायच्या. आम्हाला वाटायचं, पोरं वाचली. पुढे त्यातली किती सुधारली, हे आम्ही कधी मोजलंच नाही. नोकरी करता करता एम.ए.ला बसले तेव्हा कळलं की न्यू जर्सीतल्या राह्वे तुरुंगात १९७०च्या दशकात हेच चालायचं. असे कार्यक्रम नंतर चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एकाला तुरुंग दाखवून आणि दुसऱ्याला न दाखवता तपासले, तेव्हा तुरुंग दाखवून आणलेली मुलंच पुढे जास्त गुन्हे करताना आढळली. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या त्या मुलांपैकी दोघं नंतर माझ्याच टेबलासमोर येऊन बसली होती, कोर्टाला द्यायच्या सामाजिक तपासणी अहवालासाठी.

याहून हलवणारा अभ्यास अमेरिकेतच बॉस्टनशेजारच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांतला आहे. १९३९ मध्ये पाचशेच्या वर मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत दिली. घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं, सरासरी पाचेक वर्षं. संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी तीसेक वर्षांनी त्यातल्या जवळपास सगळ्यांना शोधून काढलं. १९७८ मध्ये त्यांनी मांडलं की मदत मिळालेल्यांचं आयुष्य काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट गेलं होतं. तरीही त्यातले बहुतेक जण म्हणत होते, आम्हाला फायदा झाला! पुढच्या विश्लेषणात बोट शिबिरांकडे गेलं. वांड मुलं एकत्र आली की सगळ्यात धीट पोराला मान मिळतो आणि बाकीची त्याच्याकडून शिकतात. म्हणून आईला सांग, हा अभ्यास गुन्हेगारांची दया येऊन करायचा नसतो. आपल्या चांगल्या हेतूने कुणाचं वाटोळं होत नाहीये ना, हे तपासायला तो लागतो.

खोट्या कारणानं काय होतं ते आपल्याच देशात बघ. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. इटलीतल्या लोम्ब्रोसो या डॉक्टरचं 'जन्मजात गुन्हेगारा'चं पुस्तक आलं १८७६ साली, म्हणजे आपल्याकडे कायदा आधीच झाला होता. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की पारध्यांच्या पालावर जाणारी नजर मी माझ्या नोकरीत पाहिली आहे आणि तिचा मला आजही संताप येतो.

कॉलेजचं थोडक्यात. पदवीला मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा समाजकार्य घे आणि संख्याशास्त्राला घाबरू नकोस. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आकडा वाढला, तर गुन्हे वाढले की लोक तक्रारीला पुढे आले, हे ओळखता आलं पाहिजे. मग पदव्युत्तरला गुन्हेशास्त्र. वाशीचा पूल ओलांडला की देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या लोकांबरोबर काम करतो. त्यांचं ताजं माहितीपत्रक बघ. नोकऱ्या भरपूर आहेत असं मी म्हणणार नाही. महिला व बालविकास विभागातली पदं, संस्था, संशोधन, पुढे कायदा केलास तर वकिली, एवढ्याच वाटा. आणि पोलीस भरती दिलीस तरी हे शिकलेलं वाया जाणार नाही.

प्रवेश घेण्याआधी एक कर. आईला घेऊन एक दिवस ठाणे कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बस. बहुतेक सुनावण्या कुणालाही ऐकता येतात. जामिनाची कामं चालतात तिथे बस. देशातल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा निकाल अजून लागलेला नाही. त्यातले काही जामीन मंजूर होऊनही आत असतात, कारण जामीनदार म्हणून उभा राहायला त्यांच्याकडे कुणी नसतं. असं एखादं प्रकरण कानावर पडलं तर बाहेर आल्यावर आईला विचार, हा माणूस सुटेल तेव्हा पहिल्या रात्री कुठे जाईल. ती काय म्हणाली ते मला इथे कळव.