मांडी न येणाऱ्यांना शिकवताना
वाचकांचे प्रश्न : परदेशातली योगशिबिरं

सोलापुरात सकाळची योगवर्गाची बॅच घेणाऱ्या बऱ्याच जणींना आणि जणांना आता बाली, श्रीलंका, थायलंडच्या शिबिरांतून बोलावणं येतं. अशा शिबिरांत येणारे पाहुणे बहुतांशी नवखे असतात. त्यांना शिकवण्याबद्दल आलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : बालीत उबूदजवळ सहा दिवसांचं शिबिर आहे. चौदा जण येणार, बहुतेक जर्मनी आणि नेदरलँड्सचे, निम्म्यांनी कधीच आसनं केलेली नाहीत. इथे आमच्या सोसायटीत मी सकाळी सहाला वर्ग घेते. तोच क्रम तिकडे चालेल का? (जुळे सोलापूर)

क्रम चालेल, पण पहिला दिवस पूर्ण वेगळा ठेवा. बालीत सकाळचे सात वाजतात तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यात रात्रीचा एक आणि हिवाळ्यात बारा वाजलेले असतात. आदल्या दिवशी उतरलेला माणूस सातला मॅटवर आला तरी त्याचं शरीर मध्यरात्रीतच असतं. त्याचा तोल जातो, सूचना उशिरा कळतात आणि तो उगाच स्वतःला अवघडलेला समजतो. म्हणून पहिला वर्ग आल्या दिवशी संध्याकाळी, ४० मिनिटांचा, जवळजवळ सगळा झोपून घ्या. पाठीवर झोपून श्वास मोजणं, घोटे फिरवणं, एकेक गुडघा छातीशी घेणं आणि शेवटी ८ मिनिटं पाय भिंतीला लावून पडून राहणं. विमानात दहा-बारा तास बसून पाय सुजलेले असतात, त्यांना यानेच बरं वाटतं.

इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर ते प्रवासाचं. पण एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्या पायाला चोळायचं नाही, ताणायचं नाही, आसन करून घ्यायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं.

दुसऱ्या दिवसापासून ६० मिनिटं अशी वाटा : ५ मिनिटं आडवं पडून श्वासाकडे लक्ष, १२ मिनिटं सांध्यांच्या हालचाली (मान गोल फिरवायची नाही, फक्त डावी-उजवी आणि वर-खाली), २० मिनिटं उभ्याची आसनं, ८ मिनिटं भुजंगासन आणि सेतुबंध, ५ मिनिटं प्राणायाम, १० मिनिटं शवासन. उभ्याची आसनं तीनच पुरे : ताडासन, त्रिकोणासन, वीरभद्रासनाचा दुसरा प्रकार. प्रत्येकात पाच श्वास. वीस मिनिटांत तीनच आसनं थोडी वाटतील, पण नवख्या माणसाला पाय कुठे ठेवायचा हे समजायलाच दोन मिनिटं लागतात. सहा दिवसांत तीन आसनं त्याच्या अंगात बसली, तर तो घरी जाऊनही ती करील.

शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, चक्रासन आणि श्वास रोखून धरणं या शिबिरात नकोच. पाहुणे आग्रह करतात, आयोजकांना फोटो हवे असतात. तरीही नको.

प्रश्न : परदेशी पाहुण्यांना मांडी घालता येत नाही, गुडघे खांद्यापर्यंत वर येतात असं ऐकलं. त्यांना प्राणायामाला कसं बसवायचं? (अशोक चौक)

जन्मभर खुर्चीवर बसलेल्या माणसाचा मांडीचा सांधा बाहेरच्या बाजूला पुरेसा उघडत नाही. शिवाय मांडीच्या मागचे स्नायू आखूड झालेले असतात, ते कंबरेला मागे ओढतात. मग पाठीला पोक येतं, गुडघे वर राहतात आणि पाच मिनिटांत कंबर भरून येते. याला जोर लावून उपयोग नाही. बैठक उंच करायची.

आणि त्यासाठी आपल्या सोलापुरी चादरीइतकं चांगलं साधन नाही. उशी दबते, फोम बसकतो. घट्ट विणलेली सुती चादर वजन घेऊनही आपली उंची सोडत नाही. पलंगाची एकेरी चादर लांबीत अर्धी करा, मग रुंदीत, परत एकदा लांबीत आणि परत रुंदीत. चार घड्या झाल्या की सोळा पदर होतात आणि साधारण सव्वा ते दीड इंच उंची मिळते. प्रत्येक घडीला तळहाताने सुरकुती काढा, आत एक जरी गाठोळी राहिली तरी माणूस एका बाजूला कलतो. घडीची अखंड, गोल कड पुढे ठेवा आणि सुट्या कडा मागे. आता पाहुण्याला घडीच्या मधोमध नाही, पुढच्या कडेवर बसवा. नितंबाखाली हात घातला की दोन टोकदार हाडं लागतात, ती दोन्ही चादरीवर आणि मांड्या कडेवरून खाली उतरत्या, अशी बैठक हवी.

मग बाजूला जाऊन पाहा. गुडघा मांडीच्या सांध्याच्या पातळीत किंवा खाली आला का? नसेल तर दुसरी चादर. तीन चादरींनीही आला नाही तर सरळ खुर्ची द्या. पावलं जमिनीवर सपाट, पाठ टेकलेली नाही. खुर्चीवरचा प्राणायाम कमी प्रतीचा नसतो, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा म्हणजे कुणाला लाज वाटणार नाही.

वज्रासनात गुडघा दुखत असेल तर टॉवेलची गुंडाळी पोटरी आणि मांडीच्या मध्ये, अगदी गुडघ्याच्या खोबणीजवळ ठेवा. घोटे दुखत असतील तर दुसरी गुंडाळी घोट्यांखाली. मात्र मांडी घालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला चमक आली तर पाय लगेच मोकळा करायचा. मांडीचा सांधा वळत नाही तेव्हा तो पीळ गुडघ्यावर जातो, आणि गुडघा पीळ घेण्यासाठी नाही.

एका चादरीचं वजन एक-दीड किलो भरतं. दोन न्या, घडी दाखवायला आणि अगदी गरज असलेल्याला द्यायला. बाकीच्यांसाठी आयोजकांकडून जाड बाथ टॉवेल मागून घ्या.

प्रश्न : पहिल्या दिवसापासून बारा सूर्यनमस्कार घालून घेतले तर चालतील का? (पंढरपूर)

नाही. बारा स्थितींचे तुकडे करून चार दिवसांत शिकवा आणि पाचव्या दिवशी जोडा. मग दोन किंवा तीन आवर्तनं खूप झाली.

पहिला दिवस नमस्कार, हात वर, पुढे वाकणं आणि परत उभं राहणं एवढाच. हात वर नेताना नवखी माणसं मान मागे टाकतात आणि भोवळ येते. नजर समोरच्या भिंतीच्या वरच्या कडेवर ठेवा म्हणावं. पुढे वाकताना गुडघे सरळ ठेवायचा हट्ट करतात आणि सगळा ताण कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. गुडघे वाकवायला लावा, पोट मांडीला टेकू द्या.

दुसऱ्या दिवशी एक पाय मागे. तिसऱ्या दिवशी गुडघे टेकून अष्टांग आणि त्यातून बुटकं भुजंगासन. इथे दोन चुका हमखास होतात : कोपरं बाहेर पसरतात आणि खाली उतरताना पोट आधी पडतं, छाती मागाहून. कोपरं बरगड्यांना घासत, छाती आणि हनुवटी आधी, असं सांगा.

चौथ्या दिवशी पर्वतासन (तळहात आणि पावलं जमिनीवर, कंबर वर). टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही, गुडघे थोडे वाकलेले आणि पाठ लांब असली की झालं. संगणकावर काम करणाऱ्यांची मनगटं इथे दुखतात, कारण ते सगळा भार तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर देतात. तर्जनीचं मूळ जमिनीत दाबायला सांगा. तरी दुखलं तर टॉवेलची छोटी गुंडाळी तळहाताच्या टाचेखाली द्या म्हणजे मनगटाचा कोन कमी होतो. पर्वतासनातून पाय पुढे आणताना तो हातांपर्यंत पोचत नाही, फूटभर मागेच पडतो. तेव्हा मागचा गुडघा आधी टेकवायचा आणि पुढचा घोटा हाताने धरून आणायचा.

एका हालचालीला एक श्वास हा नियम नवख्यांना लावू नका, त्यांचा श्वास अडकतो. दोन श्वास घेऊ द्या.

प्रश्न : पाहुणे कपालभाती मागतात. शिकवावी का? (बार्शी)

तिसऱ्या दिवसापासून, रिकाम्या पोटी, सेकंदाला एक या वेगाने २० ठोके, अशी दोन आवर्तनं. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार, गर्भारपण, पाळीचे दिवस किंवा पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर नाही. श्वास फक्त बाहेर टाकायचा असतो, आत तो आपोआप येतो. नवखे दोन्हीकडे जोर लावतात, खांदे उडतात आणि बोटांना मुंग्या येतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार कमी झाल्याची ती खूण. थांबायचं आणि साधा श्वास घ्यायचा.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हाची सवय आहे, मग बालीची किंवा श्रीलंकेची हवा काय त्रास देणार? (होटगी रोड)

आपला मे महिना ४२ अंशांचा असला तरी कोरडा. घाम उडून जातो आणि अंग गार होतं. तिकडे ३० अंशांतही हवा दमट, घाम उडतच नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून स्वतःच्या अंदाजावर विसंबू नका. उभ्याच्या प्रत्येक आसनानंतर पाणी प्यायला थांबा.

दुसरा त्रास म्हणजे घामाने मॅट निसरडी होते आणि पर्वतासनात हात पुढे घसरतात. आपला टेरी टॉवेल किंचित ओला करून मॅटच्या पुढच्या भागावर अंथरा. कोरडा टॉवेल सरकतो, दमट टॉवेल धरतो.

प्रश्न : पाहुण्यांना दुखणी विचारलेली आवडतात का? आणि हात लावून आसन सुधारावं की नाही? (विजापूर रोड)

दुखणी विचारायचीच, पण सगळ्यांसमोर नाही. येण्याआधी एका पानाचा फॉर्म भरून घ्या : रक्तदाब, मधुमेह, काचबिंदू, मणका, गुडघे, शस्त्रक्रिया, गर्भारपण, चालू औषधं. काचबिंदू असलेल्याला डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काहीच नको, म्हणजे पर्वतासन आणि उत्तानासन (उभ्याने पुढे वाकणं) सुद्धा नाही. हाडं ठिसूळ झालेल्यांना पाठ गोल करून पुढे वाकवू नका, जोराचा पीळही नको, मणका दबून मोडू शकतो.

हात लावायचं म्हणाल तर आपल्याकडे शिक्षक सहज खांदा धरून वळवतात, तिकडे ते गृहीत धरता येत नाही. प्रत्येकाला एका बाजूने हिरवा, दुसऱ्या बाजूने लाल असा पुठ्ठ्याचा तुकडा द्या. हिरवी बाजू वर असेल तरच हात लावायचा. आधी शब्दाने सांगा, मग स्वतः करून दाखवा, स्पर्श शेवटी.

प्रश्न : माझं इंग्रजी कच्चं आहे. (बाळे)

शिकवण्यापुरतं वाक्य तीन-चार शब्दांचं असतं : श्वास, अवयव, दिशा. ‘इनहेल, आर्म्स अप.’ ‘एक्सहेल, बेंड द नीज.’ आसनाचं संस्कृत नाव एकदाच घ्या. पाहुण्यांकडे तोंड करून उभे असाल तर ‘राइट’ म्हणताना स्वतःचा डावा हात उचला, याचा सराव घरी आरशासमोर करा. आणि दोन शब्द पहिल्याच दिवशी शिकवा : ‘स्ट्रेच’ चालेल, ‘शार्प पेन’ आला की थांबायचं.

प्रश्न : टूरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवलं तर? आयोजक म्हणतात, मानधन नाही, फक्त राहणं-जेवण, त्यामुळे काही होत नाही. (सात रस्ता)

होतं. इंडोनेशियाचा पर्यटकांना विमानतळावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा काम करण्यासाठी नाही. थायलंडमध्ये परदेशी माणसाला कामासाठी वर्क परमिट लागतं. पैसे न घेता केलेलं कामही अनेक देशांत कामच धरलं जातं. पकडलं गेलं तर परत पाठवणी तुमची होते, आयोजकांची नाही. कोणता व्हिसा, तो कोण काढणार आणि खर्च कुणाचा, हे तिकीट काढण्याआधी लेखी घ्या. त्याच कागदावर रोजचे वर्ग किती, पाहुणे जास्तीत जास्त किती, शिबिर रद्द झालं तर परतीचं तिकीट कुणाचं, हेही असू द्या. तुमचा प्रवास विमा तुम्हाला काही झालं तर असतो. पाहुण्याला तुमच्या वर्गात इजा झाली तर तो कामाचा नाही. आयोजकांच्या विम्यात शिक्षक म्हणून तुमचं नाव आहे का ते विचारा.

प्रमाणपत्राविषयीही याच पत्रात विचारलं आहे. योग सर्टिफिकेशन बोर्ड आपल्या केंद्रीय आयुष मंत्रालयाखाली आहे. परदेशात बहुतेक जण योगा अलायन्सची २०० तासांची नोंदणी मागतात. ती अमेरिकेतली खासगी संस्था आहे, तिची नोंदणी म्हणजे सरकारी परवाना नाही आणि व्हिसाच्या बाबतीत तिचा काही उपयोग नाही.

प्रश्न : शवासनातून उठताना कुणी भोवळ येऊन पडलं तर नेमकं काय करायचं? (अक्कलकोट)

पाठीवर सपाट झोपवा, पाय फूटभर उंच करा, कपडे सैल करा, गर्दी हटवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. बहुतेक जण मिनिटाच्या आत सावरतात. मग पाच मिनिटं कुशीवर, पाच मिनिटं बसून, त्यानंतर उभं. मधुमेह असेल तर सावरल्यावर साखरपाणी द्या. रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही नसणं, उकाडा आणि रक्तदाबाच्या गोळ्या ही नेहमीची कारणं. म्हणून शवासनानंतर सगळ्यांनाच उजव्या कुशीवर वळवून अर्धा मिनिट थांबवा. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखतंय म्हणाले किंवा बोलणं अडखळलं तर रुग्णवाहिका बोलवा. श्रीलंकेत १९९०, थायलंडमध्ये १६६९, युरोपीय संघाच्या देशांत ११२. त्या गावचा नंबर आणि शिबिराचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून पहिल्या वर्गाआधीच हॉलच्या दाराला आतून लावून ठेवा. घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता सांगता येत नाही.