कार्ब्युरेटरमधला बर्फ

प्रश्न : थंडीत सेसना १५० सारख्या छोट्या विमानाचं इंजिन उतरताना अचानक बंद पडतं. ते गोठतं का?

उत्तर : गोठतो तो कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना आतलं तापमान २० अंशांहूनही जास्त घसरू शकतं. ओलाव्याचा बर्फ थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या, झडपेवर साचतो. म्हणून कडक कोरड्या थंडीपेक्षा १० अंशांची दमट हवा घातक. उतरताना झडप जवळजवळ मिटलेली, तिथे थोडा बर्फही पुरतो.

पहिली खूण : आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हळूहळू उतरतो. कार्ब्युरेटर हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी खुंटी, पूर्ण ओढा, अर्धवट नको. वितळलेलं पाणी आत गेल्याने इंजिन आधी जास्तच खडखडेल. घाबरून हीट बंद करणं हीच जीवघेणी चूक. ही ऊब एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीभोवतीची, इंजिन थांबलं की संपते. त्यामुळे थ्रॉटल कमी करण्याआधीच हीट ओढायची.