'लिव्ड एक्स्पिरियन्स' आणि आपलं 'दुखणं काढणं'

प्रश्न आलाय सोलापुरातल्याच एका ताईंचा, त्या समाजकार्य शिकतात आणि मेंदू व मानसिक आजारांवरच्या एका संशोधनाचं माहितीपत्रक त्यांना मराठीत करायचंय. त्यात 'लिव्ड एक्स्पिरियन्स' असलेल्या लोकांना सामील करून घेणार असं वाक्य आहे, म्हणजे ज्यांना आजार झालाय ते आणि त्यांच्या घरचे, यांना नुसतं तपासायचं नाही तर संशोधन कशावर करायचं हे ठरवताना पण सोबत घ्यायचं. मशीननं 'जिवंत अनुभव' दिलं, कुणीतरी 'जगलेला अनुभव' सुचवलं, आणि ताईंना दोन्ही पटेना.

ताई, नाहीच पटणार. आपल्याकडे अनुभव येतो, मिळतो, आपण तो घेतो, पण अनुभव कुणी जगत नाही, जगतो ते आयुष्य. 'अनुभवी' लिहावं तर तो कामात मुरलेला माणूस झाला. 'भुक्तभोगी' हिंदीतून येतो आणि त्यात 'भोग' आहे, आणि भोग म्हटलं की गेल्या जन्मीचं पाप लगेच मागून येतं, आधीच या आजाराच्या घरात लोक हेच ऐकून ऐकून थकलेले असतात, त्यामुळे तो तर नकोच. 'मनोरुग्ण' म्हटलं की माणूस गेला, नुसता रुग्ण उरला.

माझं मत सांगतो, आपल्याकडे यासाठी क्रियापद आहे आणि ते रोजच्या वापरातलं आहे: काढणं. दिवस काढले, रात्र काढली, दुखणं काढलं. बघा, बहात्तरचा दुष्काळ आपल्या जिल्ह्यानं काढलाय. 'दुष्काळग्रस्त' म्हटलं की मदत वाटायची माणसं डोळ्यासमोर येतात, आणि 'बहात्तरचा दुष्काळ काढलेली माणसं' म्हटलं की ज्यांना पाण्याचं विचारायला जावं अशी माणसं येतात. माणसं तीच, शब्दानं जागा बदलली. तुमच्या पत्रकाला नेमकी हीच जागा पाहिजे.

आणि यात अजून एक गंमत आहे, 'दुखणं काढलं' हे आजारी माणूस पण म्हणतो आणि त्याचं करणारा पण म्हणतो. 'सहा महिने दुखणं काढलं' हे स्वतःचं, 'तिनं सासूचं दुखणं काढलं' हे दुसऱ्याचं. इंग्रजीतल्या त्या दोन शब्दांत घरच्यांचं काय ते वेगळं समजावून सांगावं लागतं, इथं एकाच क्रियापदात दोघं बसतात. शिवाय 'दुखणं' म्हटल्यानं मनाचा आजार टायफॉइडच्या रांगेत येऊन बसतो, 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणून वेगळा पडत नाही.

हे मी पुस्तकातनं सांगत नाहीये. माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे, तो यंत्रमागावर होता आणि आईनं त्याचं दुखणं काढलं. पहिल्यांदा तो 'कानात बोलायलेत' म्हणाला तेव्हा घरात सगळे 'बाहेरचं' बघायला निघाले होते, डॉक्टरकडे जाण्यात बरेच दिवस गेले. गोळ्या सुरू झाल्या, आवाज कमी झाले, तपासायला गेलो की पहिला प्रश्न आवाजांचाच, आणि 'कमी आहेत' म्हटलं की सगळे खुश. एकदा मामाच म्हणाला, "ते गेले, पण मागाचा आवाज पण लांबनं आल्यागत वाटतंय, धागा तुटलेला कळंना." माग चालवणाऱ्याला कापड बघायच्या आधी कानाला कळतं की काहीतरी बिघडलंय, आणि नेमकं तेच गेलं होतं, म्हणजे त्याची रोजी गेली होती. हे कुठल्याच कागदावर विचारलेलं नव्हतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि डोस बघितला, पण ते मामानं आपणहून सांगितलं म्हणून.

एमआरआय काढतात, ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख काढतात, रक्त काढतात, सगळीकडे आपलं 'काढणं'च आहे. पण स्किझोफ्रेनियाचं निदान अजूनही स्कॅनवरनं होत नाही, माणसाशी आणि घरच्यांशी बोलूनच होतं. म्हणून शब्द महत्त्वाचे.

शब्दानं काय फरक पडतो म्हणणाऱ्यांना जपानचं सांगा. तिथं या आजाराचं जुनं नाव 'मन दुभंगल्याचा रोग' अशा अर्थाचं होतं, स्किझोफ्रेनियाच्या आपल्या 'छिन्नमनस्कता' या मराठी नावासारखंच. १९९३ मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेनं नाव बदला म्हणून मागणी केली आणि २००२ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनं नवीन नाव घेतलं, 'तोगो शिच्चो शो', म्हणजे साधारण 'एकसंधपणा ढळण्याचा विकार'. मागणी घरच्यांची, म्हणजे दुखणं काढलेल्यांचीच की. आपण मात्र 'छिन्न' अजून छापतोय.

मराठीत 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' पण आहेत, आजारी व्यक्ती आणि तिची काळजी घेणारी व्यक्ती. पुण्याकडच्या स्वमदत गटांत चांगले रुळलेत, पार्किन्सन्सवाले पण वापरतात. मला ते मनापासून आवडतात, पण आपल्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, पत्रक वाटायचं असेल तर आधी शब्दच समजावून सांगावे लागतील.

'सहभागी' पण जपून वापरा. ज्याचा स्कॅन काढला तोही सहभागीच म्हणवतो, आणि तुम्हाला म्हणायचंय ठरवणारा. तिथं सरळ 'काय शोधायचं हे ठरवताना सोबत असतील' असं लिहा.

एक अडचण मात्र आहे, 'काढलेली' म्हटलं की दुखणं संपलं असं वाटतं, आणि मामाचं काही संपलेलं नाही, गोळ्या चालूच आहेत. म्हणून मी असं लिहीन: 'ज्यांनी मानसिक आजार स्वतः काढलाय किंवा अजून काढताहेत, आणि ज्यांनी घरच्याचं आजारपण काढलंय'. लांब आहे पण आईला वाचून दाखवलं तर कुठंच अडली नाही.

आणि सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, तिथं तेलुगू पत्रक करणार असाल तर हे 'काढणं' शब्दाला शब्द तिकडे नेऊ नका, तिथल्या घरात दुखणं काढलेल्या एखाद्या बाईलाच विचारा की तुम्ही काय म्हणता.