दुसरं अँप्युल फोडण्याआधी

प्रश्न : आदरणीय सिस्टर, मी राजारामपुरीतल्या एका खासगी दवाखान्यात सहा वर्षं स्टाफ नर्स आहे. इंग्लंडला जायचं म्हणून तिथे नर्सची नोंदणी करणाऱ्या एनएमसी या संस्थेच्या सीबीटी, म्हणजे संगणकावरच्या परीक्षेची तयारी करतेय. नर्सिंगच्या प्रश्नांची भीती नाही. पण डोसच्या गणितांत सराव पेपरला पंधरापैकी आठ-नऊच बरोबर येतात. सूत्र पाठ आहे, वॉर्डात रोज इंजेक्शनं भरते, मग पेपरातच काय होतं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पोरी, ‘सूत्र पाठ आहे’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. वॉर्डात तू सूत्र वापरतच नाहीस. जेंटामायसिन ८० म्हटलं की आख्खं अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १ ग्रॅम म्हटलं की एक बाटली. सहा वर्षांत तुझ्या हाताला ठरलेल्या डोसची सवय लागली आणि पेपर काढणारा नेमका न ठरलेला डोस विचारतो.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट सांगते. लहान मुलांचा वॉर्ड, बाळ ३ किलोचं. जेंटामायसिन किलोला ४ एमजी, म्हणजे १२ एमजी द्यायचं. अँप्युल २ एमएलचं, त्यात ८० एमजी. म्हणजे १ एमएलमध्ये ४०. बाराला चाळीसने भागायचं, एवढंच काम. मी वहीच्या कडेला भागाकार केला आणि लिहिलं ३ एमएल. पहिलं अँप्युल सिरिंजमध्ये ओढून झालं. दुसऱ्याच्या मानेवर कटर फिरवला आणि ते मोडणार, तेवढ्यात इनचार्ज सिस्टरांनी माझं मनगट धरलं. ओरडल्या नाहीत. ‘बाळ केवढं आणि औषध केवढं?’ इतकंच म्हणाल्या. बरोबर उत्तर ०.३ एमएल होतं. मी दहापट भरायला निघाले होते. जेंटामायसिन जास्त गेलं तर कानावर आणि किडनीवर परिणाम होतो, हे मला त्या दिवशीही तोंडपाठ होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलीला एकच सांगत आले. पेन टेकवण्याआधी अंदाज कर. एका अँप्युलपेक्षा जास्त लागेल की कमी? निम्मं, की त्याहूनही कमी? ‘अर्ध्याच्या आतलं’ एवढं मनाशी बोललीस तरी ३ हा आकडा तुझ्याच डोळ्यांना खुपेल. आणि ०.३ लिहिताना पुढचं शून्य कधीही गाळू नकोस, ३ लिहिताना मागे .० लावू नकोस. दशांशाचा टिंब पुसट उमटला की वाचणाऱ्याला ३.० चे ३० दिसतात.

अंदाजानंतर एकक. ऑर्डर आणि लेबल एकाच एककात आल्याशिवाय भागाकार करायचा नाही. ऑर्डर डिगॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅम, गोळी ०.२५ एमजीची. एमजीचे मायक्रोग्रॅम करायला हजाराने गुण, गोळी झाली २५० ची. मग अर्धी गोळी हे तोंडी सांगशील. तुझे जे सहा-सात प्रश्न चुकतात, त्यातले बरेचसे या हजारातच अडकत असणार. चुकलेले पेपर काढून बघ आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिही : एकक, दशांश, की प्रश्नच नीट वाचला नाही. कारण सापडल्याशिवाय नवा पेपर सोडवायला घेऊ नकोस.

तुझ्यासारख्या अनुभवी मुलींना आणखी एक गोष्ट नडते. प्रश्नातलं लेबल न वाचता त्या डोक्यातलं लेबल वाचतात. १२ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला १५ एमजी, डोस १८० एमजी. आपल्याकडचं सिरप ५ एमएलला १२५ एमजीचं असेल तर ७.२ एमएल. तेच औषध १ एमएलला १०० एमजीच्या ड्रॉप्समध्ये असेल तर १.८ एमएल. इंग्लंडात लहान मुलांचं सिरप ५ एमएलला १२० एमजीचं असतं, तिथे उत्तर ७.५. मूल तेच, डोस तोच, बाटली बदलली.

इन्सुलिनच्या बाबतीत तर हे जिवावर बेतणारं आहे. आपल्याकडे १ एमएलला ४० युनिटची व्हायल (बाटली) आणि लाल टोपीची सिरिंज अजून सर्रास आहे, तिकडे नेहमीचं इन्सुलिन १ एमएलला १०० युनिटचं. ते १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलंस, तर हातात अर्धा एमएल आला, म्हणजे ५० युनिट. पेशंटला हवे होते २०. सिरिंजवरचा आकडा आणि व्हायलवरचा आकडा जुळल्याशिवाय सुई टोचायची नाही, इथेही आणि तिथेही.

पंधरा प्रश्नांना तीस मिनिटं, म्हणजे एकाला दोन. पर्याय दिलेले नसतात, उत्तराचा आकडा स्वतः भरायचा असतो, त्यामुळे अदमासे खूण करायची सोय नाही. रोज दहा गणितं सोडव, घड्याळ लावून, आणि शक्यतो ड्युटीवरून दमून आल्यावर. ताज्या डोक्याने रविवारी सकाळी सगळ्यांचीच बरोबर येतात.

प्रश्न : मी जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, शाळा मराठी माध्यमाची. २ टक्के लिग्नोकेन, १:१००० अ‍ॅड्रेनलिन असं आलं की काहीच सुचत नाही. टक्के म्हणजे एमजी किती?
– एक विद्यार्थिनी, करवीर तालुका

उत्तर : तुमच्या घरी म्हैस आहे का गं? असेल तर डेअरीची स्लिप आण. त्यावर फॅट ६.५ लिहिलेलं असतं. शंभर भाग दुधात साडेसहा भाग फॅट, हे तुझ्या आईला कुणी शिकवावं लागत नाही. औषधाचे टक्के असेच वाच, फक्त इथे शंभर एमएलमध्ये किती ग्रॅम ते धर. २ टक्के म्हणजे १०० एमएलमध्ये २ ग्रॅम. २ ग्रॅमचे २००० एमजी, शंभराने भाग, १ एमएलमध्ये २० एमजी. दोन-चार वेळा असं करून पाहिलंस की कळेल : टक्क्यांना दहाने गुणलं की १ एमएलमधले एमजी मिळतात. २५ टक्के डेक्स्ट्रोज? १ एमएलमध्ये २५० एमजी. पण ही युक्ती आधी स्वतः मांडून पटवून घे. नुसती पाठ केलीस तर पेपरात गुणायचं की भागायचं तेच आठवणार नाही.

१:१००० म्हणजे १००० एमएलमध्ये १ ग्रॅम. दोन्हीकडे हजाराने भाग, १ एमएलमध्ये १ एमजी. १:१०,००० असेल तर तोच १ एमजी १० एमएलमध्ये पसरलेला. मागचा आकडा मोठा तितकं औषध पातळ. पहिल्या वर्षाच्या मुली इथे हमखास उलटं समजतात, म्हणून तू दुधात पाणी घातल्याचं चित्र डोळ्यांसमोर आण.

प्रश्न : सलाईनचे थेंब मोजायची सोपी रीत सांगाल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : एकूण एमएल गुणिले सेटचे थेंब (सलाईनच्या नळीतून १ एमएलचे जितके थेंब पडतात तो आकडा), भागिले मिनिटं. ५०० एमएल ४ तासांत, सेट २० थेंबांचा : दहा हजार भागिले २४०, म्हणजे ४१.६७. थेंब अर्धा पडत नाही, म्हणून ४२. बेडजवळ उभं राहून १५ सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतात का ते बघायचं. सेटचा आकडा त्याच्या पाकिटावर छापलेला असतो, पाकीट टाकून देण्याआधी वाचा. मायक्रो सेट ६० थेंबांचा, तिथे तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब.

प्रश्न : मुलगी आर्ट्समधून बारावी झाली. गणितात कच्ची आहे, पण नर्सिंगचं वेड आहे. जीएनएमला घालू का?
– एक पालक, कागल

उत्तर : घाला, दादा. जीएनएमला आर्ट्सच्या मुलींना प्रवेश मिळतो आणि डोससाठी लागतं ते गणित सातवीपर्यंतचंच : गुणाकार, भागाकार, दशांश, टक्के. प्रवेशाला वेळ असेल तर आतापासून एक करा. घरात औषधाची बाटली आली की तिला लेबल मोठ्याने वाचायला सांगा. एमजी कुठे लिहिलेत, ते किती एमएलमध्ये आहेत, यावर बोट ठेवून तिने दाखवायचं. महिनाभराने मला पुन्हा पत्र टाका. मी तिला दहा गणितं लिहून पाठवते.