विनोद जुळले, पण कितपत?

प्रश्न : डेटिंग ॲपवर विनोदांना तारे दिले. एका स्थळाशी ‘९२ टक्के जुळणी’ दाखवतंय. विश्वास ठेवावा का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : आधी बघा, दोघांनीही तारे दिलेले सामाईक विनोद किती. पाच-सहाच असतील तर एवढा आकडा योगायोगानेही येतो. शिवाय सगळ्यांनाच हसवणारा विनोद काहीच सांगत नाही. ज्यावर निम्मे हसतात आणि निम्मे तोंड वाकडं करतात, तोच कामाचा. काही जण सरसकट पाच तारे देतात, म्हणून ज्याच्या त्याच्या सरासरीपेक्षा कमी-जास्त किती, हे मोजायला हवं.

त्याहून महत्त्वाचं, हसणं कुणावर? मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या ३२ विधानांच्या प्रश्नावलीत चार तऱ्हा आहेत : माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच कमी लेखणारा विनोद. दोघांनाही टोचणाराच आवडला तरी जुळणी झकास दिसते, आणि पुढे तोच जाच होतो. भरीत पार्टीत कळण्याची भाकरी करपली, तर समोरचा करणारीची थट्टा करतो की सगळ्यांना हसवून वेळ निभावतो? हे विचाराच.

अहिराणीतली गंमत टाइप करू नका, आवाजात पाठवा. हेल गेला की तीच ओळ भांडणासारखी वाचली जाते.