आईच्या व्हिसावरचा ‘०१’

प्रश्न : मी कोल्हापूरचा. २०२५च्या जूनमध्ये मी, पत्नी, दोन मुलं आणि माझी ६८ वर्षांची आई असे पाच जण उत्तर युरोपच्या क्रूझला गेलो. मुंबईच्या एका टूर कंपनीकडे फोन आणि व्हॉट्सॲपवरूनच बुकिंग केलं, एकूण १२ लाख ८० हजार रुपये भरले. कोपनहेगनहून निघून नॉर्वेतलं बर्गन, गायरांगर, मग शेटलंड बेटांवरचं लर्विक आणि परत कोपनहेगन, असा मार्ग होता. सगळे व्हिसा कंपनीनेच करून दिले.
जहाजावर चढताना आईला रांगेतून बाजूला घेतलं. तिचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) एकाच प्रवेशाचा निघाला, आम्हा चौघांचे अनेक प्रवेशांचे होते. तिला चढू दिलं नाही. पैसे बुडू नयेत म्हणून पत्नी आणि मुलांना पुढे पाठवलं. मी आईबरोबर चार रात्री कोपनहेगनला काढल्या आणि तिकिटं बदलून परत आलो. कंपनी म्हणते, व्हिसा दूतावास देतो, आमचा संबंध नाही, आणि दावा करायचा तर मुंबईतच करा. शिवाय वाऱ्यामुळे गायरांगर रद्द झालं, आणि उतरताना पत्नीची बॅग फुटलेली मिळाली. जहाज कंपनी, टूर कंपनी, विमा कंपनी, नेमका दावा कोणावर करू? आई अजून म्हणते, माझ्यामुळे सगळ्यांच्या सहलीचा विचका झाला. तिच्या पासपोर्टवर आता डाग लागला का, हीही तिला काळजी आहे.

उत्तर : तुम्ही पाठवलेलं बिल, करारपत्र, व्हिसाच्या प्रती आणि व्हॉट्सॲपचे संदेश मी दोनदा वाचले. तिघांवर एकदम दावा ठोकू नका. तुमची तक्रार टूर कंपनीविरुद्ध आहे आणि ती चांगली आहे. बाकीच्यांना त्यात ओढलंत तर मूळ मुद्दा पातळ होईल.

आधी घडलं काय ते नीट पाहू, कारण ग्राहक आयोगापुढे हे तुम्हालाच समजावून सांगावं लागेल. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. डेन्मार्क दोन्हीत आहे. शेटलंड बेटं ब्रिटनची, आणि ब्रिटन यातल्या कशातच नाही. म्हणजे तुमचं जहाज बर्गन, गायरांगर करून लर्विकला गेलं की प्रवासी शेंगेनबाहेर पडला. तिथून कोपनहेगनला परत येणं हा शेंगेनमधला दुसरा प्रवेश. ब्रिटनचा वेगळा व्हिसा तुम्हा पाचही जणांकडे होता, त्यात चूक नव्हती. अडचण होती आईंच्या शेंगेन स्टिकरवर. त्यावर प्रवेशांच्या संख्येचा एक रकाना असतो. तुमच्या चौघांच्या स्टिकरवर तिथे ‘मल्ट’ (म्हणजे अनेक प्रवेश) आहे, आईंच्या स्टिकरवर ‘०१’. त्यांचा एकुलता एक प्रवेश कोपनहेगनच्या विमानतळावर उतरतानाच वापरला गेला होता.

उत्तर युरोपच्या क्रूझमध्ये ही गफलत व्हायला भरपूर जागा आहे, म्हणून इतर वाचकांसाठीही सांगते. स्वालबार्ड बेटं नॉर्वेची आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. तिथे जाऊन नॉर्वेमार्गे परतायचं तर दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो. फेरो बेटं आणि ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात येतात, तरी तिथे जाता येईल असं व्हिसावर स्वतंत्रपणे लिहिलेलं असावं लागतं. आयर्लंडही शेंगेनबाहेर आहे. जहाज एकच असतं, खोली तीच, कपडेही कपाटातून काढावे लागत नाहीत, त्यामुळे मधे सरहद्द ओलांडली हे प्रवाशाच्या ध्यानातच येत नाही. जो माणूस हे विकतो त्याच्या मात्र ध्यानात असायलाच हवं.

आता जहाज कंपनी. तिच्या माणसांनी आईंना अडवलं ते मनाला कितीही लागलं तरी बेकायदा नव्हतं. कागद अपुरे असलेला प्रवासी आणला तर शेंगेनच्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराला दंड बसतो आणि त्या प्रवाशाला परत नेण्याचा भारही त्याच्यावरच येतो. शिवाय कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, हे त्यांच्या प्रवास-करारात स्पष्ट छापलेलं आहे. हा करार तुम्ही पाठवलेल्या ४१ पानी पीडीएफमध्ये आहे. इथे डोकं आपटू नका.

टूर कंपनीचं तसं नाही. ‘व्हिसा देणं न देणं दूतावासाच्या हातात’ हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, पण तुमची तक्रार ती नाहीच. दूतावासाने व्हिसा दिला. तुमची तक्रार अशी, की जो मार्ग त्यांनी विकला त्याला तो व्हिसा पुरत नव्हता, हे त्यांना कळायला हवं होतं आणि त्यांनी सांगितलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे. निष्काळजीपणा, एखादी गोष्ट करायची राहून जाणं आणि ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून लपवणं, हे सगळं तिच्यात येतं. आपण पहिल्या दोनांवर उभं राहू. लपवाछपवीचा आरोप करू नका, तो सिद्ध करणं अवघड आहे आणि त्याची गरजही नाही.

तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे बिल. त्यात ‘व्हिसा साहाय्य शुल्क’ म्हणून माणशी ४,५०० रुपये वेगळे लावले आहेत. ज्या कामाचे पैसे घेतले त्या कामाशी आमचा संबंध नाही, असं म्हणता येत नाही. त्याच बिलात संपूर्ण रकमेवर ५ टक्के जीएसटी आहे आणि परदेशी सहल पॅकेजचा टीसीएसही (विक्रेत्याने तुमच्या नावावर आधीच गोळा केलेला आयकर) घेतलेला आहे. ‘आम्ही नुसते एजंट, सेवा जहाज कंपनीची’ असा बचाव येणार, हे गृहीत धरा. नुसता एजंट आपल्या कमिशनवर कर लावतो, सगळ्या रकमेवर टूर ऑपरेटर म्हणून नाही. सरकारपुढे पॅकेज विकणारे आणि ग्राहकापुढे निरोप्ये, अशी दोन रूपं घेता येणार नाहीत, हा युक्तिवाद जरूर मांडा. (टीसीएसची रक्कम तुमच्या २६एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या आयकराच्या पत्रकात) दिसते का पाहा आणि विवरणपत्रात तिचा परतावा किंवा वजावट घ्या. ते पैसे तुमचेच आहेत.)

दुसरा पुरावा, त्यांच्या कर्मचारी बाईंचा १४ सेकंदांचा आवाजी संदेश : ‘काका, शेंगेन एकच लागतो, सगळं त्यात कव्हर होतं, टेन्शन घेऊ नका.’ तो फोन विकू नका, बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांना फार घट्ट धरून बसत नाहीत, तरी हे पहिल्याच दिवशी जोडा, म्हणजे पुढे हरकतीला जागा राहत नाही.

तिसरा कागद तुमच्याकडे नाही आणि तो मला हवा आहे : आईंच्या व्हिसा अर्जाची प्रत. शेंगेनच्या अर्जात किती प्रवेश हवेत असं विचारलेलं असतं, एक, दोन की अनेक. अर्ज कंपनीने भरला. तिथे ‘एक’वर खूण असेल तर चूक दूतावासाची नव्हतीच, मागणीच चुकीची गेली होती, आणि मग प्रकरण जवळपास तिथेच तुमच्या बाजूने निकाली निघतं. अनेक प्रवेश मागूनही दूतावासाने एकच दिला असेल, तर कंपनीचा दोष उरतो तो पासपोर्ट हातात आल्यावर ‘०१’ न पाहण्याचा. केस तरीही उभी राहते, पण थोडी हलकी होते. म्हणून याच आठवड्यात ईमेल करून प्रत मागा. दिली नाही तर आयोगाकडे अर्ज करून त्यांना ती हजर करायला लावता येते.

तुमच्या बाजूच्या कमकुवत जागाही सांगायलाच हव्यात. अर्जावर सही आईंची आहे. पासपोर्ट निघण्याच्या १९ दिवस आधी तुमच्या घरी आले होते आणि तुम्ही फक्त नाव आणि तारखा पाहिल्या, असं तुम्हीच लिहिलं आहे. समोरचे वकील यावर बोट ठेवणारच, आणि भरपाईत थोडी कपात होऊ शकते. उलटतपासणीत हे नाकारू नका. ‘आम्ही पाहिलं नाही, कारण पाहण्याचे पैसे त्यांना दिले होते’, हे खरं उत्तर आहे आणि तेच द्या.

‘दावा मुंबईतच’ या अटीची धास्ती घेऊ नका. २०१९च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला कोल्हापुरातच. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं. १० ते २० लाखांच्या गटात फी ४०० रुपये आहे. एक खबरदारी मात्र घ्या. करारातल्या अटी अन्यायकारक म्हणून रद्द करा, अशी मागणी तक्रारीत घालू नका. अन्यायकारक कराराचा प्रश्न कायद्याने राज्य आयोगाकडे दिला आहे, त्यामुळे विनाकारण अधिकारक्षेत्राचा वाद उभा राहील. सेवेतील त्रुटी, एवढंच धरून ठेवा.

तक्रारदार म्हणून तुमच्याबरोबर आईंचंही नाव घाला. पैसे तुम्ही भरले असले तरी ज्यांच्यासाठी सेवा घेतली त्याही ग्राहकच ठरतात, आणि इथे मुख्य त्रास त्यांनाच झाला आहे. मागणीत तुमचं आणि आईंचं न वापरलेलं क्रूझभाडं, कोपनहेगनचा हॉटेलखर्च, तिकिटं बदलण्याचा फरक, मानसिक त्रासाची वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च धरा. पत्नी आणि मुलांचं भाडं मागू नका, त्यांनी प्रवास केला आहे. आधी स्पीड पोस्ट आणि ईमेल, दोन्हींनी १५ दिवसांची नोटीस द्या. ती सक्तीची नाही, पण तिच्या उत्तरात समोरचे बऱ्याचदा उपयोगी कबुली देऊन जातात. मुदत घटनेपासून २ वर्षं, म्हणजे जून २०२७. तोपर्यंत थांबू नका. जाबदेणारांना, म्हणजे टूर कंपनीला, लेखी जबाबासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. कायदा निकालासाठी ३ महिने सांगतो, प्रत्यक्षात वेळ याहून जास्त जातो. मध्यस्थीचा पर्याय आला तर नाक मुरडू नका. भाड्याची पूर्ण रक्कम आणि हॉटेलखर्च मिळत असेल तर मी तुम्हाला तडजोड करायला सांगेन.

गायरांगर सोडून द्या. तिथे मोठ्या जहाजांतून माणसं बहुधा छोट्या बोटींनी उतरवतात. वारा असताना ते करायचं नाही हा कप्तानाचा निर्णय, आणि सुरक्षेच्या बाबतीत त्याच्यावर कोणी दबाव आणू नये, असाच आंतरराष्ट्रीय नियम आहे. बंदर-कर परत आला का, एवढं पाहा. बॅगेचं नुकसान उघड दिसत होतं, म्हणजे ताबा घेतानाच लेखी कळवायला हवं होतं. न दिसणाऱ्या नुकसानीला १५ दिवस मिळतात. तुमच्या पत्नींनी तोंडी सांगितलं. शिवाय अथेन्स कराराप्रमाणे (समुद्रप्रवाशांच्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) सामानाच्या दाव्यात माणशी १४९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण सतरा-अठरा हजार रुपयांपर्यंतचा भार प्रवास-करारानेच प्रवाशावर टाकता येतो. बॅगेची किंमत पाहता यात वेळ घालवू नका. विम्याबद्दलही फार आशा नको : कागद अपुरे म्हणून प्रवास नाकारला जाणं सहसा पॉलिसीच्या अपवादांत असतं. पॉलिसीचं ते पान मला पाठवा, वाचून सांगते.

आणि आईंना माझ्या वतीने हे वाचून दाखवा. पासपोर्टवर कसलाही डाग लागलेला नाही. जहाजवाल्यांनी न घेणं म्हणजे व्हिसा नाकारणं नव्हे. त्या कोपनहेगनला रीतसर उतरल्या, मुदतीत रीतसर परतल्या, दोन्ही शिक्के पासपोर्टवर आहेत. एप्रिल २०२४ पासून युरोपीय संघाने भारतीयांसाठी अशी पद्धत ठेवली आहे, की मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमाने वापरले असतील तर पुढे दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. त्या हिशेबात आईंचा हा ‘०१’ पहिला व्हिसा म्हणून धरला जातो.