महाप्रलय म्हणाल तर खेळायला कोण उरणार?

प्रश्न असा आला आहे: 'आम्ही चार-पाच जण मिळून मराठीतून एक रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र व्हायचे आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. जग आमचे आम्हीच रचले आहे. त्या जगात तीनशे वर्षांपूर्वी दोन चंद्रांपैकी एक फुटला. त्याचे तुकडे समुद्रात पडून किनाऱ्यावरची राज्ये बुडाली, पुढे कैक वर्षे पीक आले नाही आणि जादू बिघडली ती आजतागायत. इंग्रजीत याला सरळ अपॉकलिप्स म्हटले असते. मराठीत काय म्हणावे? महाप्रलय, कल्पांत, सर्वनाश, की आणखी काही?'

आधी त्या इंग्रजी शब्दाचा हिशेब चुकता करू. अपॉकलिप्सचा मूळ ग्रीक अर्थ 'झाकलेले उघड करणे' असा आहे. म्हणून मराठी बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाचे नाव 'प्रकटीकरण' आहे, त्या नावात विनाशाचा मागमूस नाही. त्या पुस्तकात जगबुडीची वर्णने आहेत म्हणून पुढे शब्दालाच तो अर्थ चिकटला. तेव्हा त्याला शब्दाला शब्द शोधत बसण्यात हशील नाही. तुमच्या जगात नेमके काय घडले, हे आपल्या भाषेतल्या कोणत्या शब्दात बसते ते पाहू.

'प्रलय' मी पहिल्या फेरीतच बाद करतो. त्यात 'लय' आहे, म्हणजे विरून जाणे, मुळात परत मिसळणे. पुराणांत प्रलयाचे चार प्रकार सांगितले आहेत: नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक आणि आत्यंतिक. यातला नैमित्तिक प्रलय ब्रह्मदेवाचा दिवस मावळला की होतो. तो एक दिवस म्हणजे कल्प, अर्थात 43,20,000 वर्षांची एक हजार महायुगे. हाच तुमच्या यादीतला 'कल्पांत'. विष्णुपुराणातले त्याचे वर्णन गेम मास्टरने, म्हणजे तुमच्यात जो गोष्ट चालवतो त्याने, एकदा तरी वाचावे असे आहे. शंभर वर्षे अवर्षण, मग सूर्याचे सात सूर्य होतात, पाताळापर्यंतचे पाणी आटते आणि जळालेली पृथ्वी कासवाच्या पाठीसारखी दिसू लागते. त्यानंतर संवर्तक मेघ येतात आणि शंभर वर्षांहून अधिक काळ कोसळतात.

चित्र जबरदस्त आहे, पण तुमच्या कामाचे नाही, कारण हा प्रलय वेळापत्रकाप्रमाणे येतो. त्यात कोणाचा दोष नसतो आणि पृथ्वीवर कोणी मागे उरत नाही. गेमला तर नेमक्या याच दोन गोष्टी लागतात: कोणीतरी केलेली आगळीक आणि मागे उरलेले लोक. पडके किल्ले, अर्धवट जळालेल्या पोथ्या, कोणीतरी लपवलेला खजिना यांच्याशिवाय तुमची पात्रे करणार काय? 'सर्वनाश' तर त्याहून वाईट. सर्वांचा नाश झाला असेल तर फासे टाकायला कोण बसले आहे?

मनूची गोष्ट मात्र वेगळी. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या कथेत मासा मनूला आधी सांगून ठेवतो, मनू होडी बांधतो, पूर येतो आणि होडी उत्तरेच्या पर्वतापाशी टेकते. इथे एक माणूस उरतो. या घटनेला मराठीत 'जलप्रलय' म्हणतात, आणि 'जल' जोडल्याबरोबर प्रलयाचा आवाका माणसाच्या आटोक्यात येतो. 'जगबुडी' याच जातीचा, अस्सल मराठी, तोंडात बसणारा शब्द. फक्त तो उपहासाने फार झिजला आहे. 'एक दिवस उशीर झाला तर काय जगबुडी होणार आहे का?' हे वाक्य ज्याने रोज ऐकले आहे, त्याच्या अंगावर गेममध्ये 'जगबुडी' ऐकून काटा येणार नाही.

'उत्पात' शब्दाचीही तीच गत झाली. आज लहान मुले उत्पात मांडतात. जुना ज्योतिषी वराहमिहिर याच्या बृहत्संहितेत मात्र उत्पात म्हणजे निसर्गक्रमाच्या उलट घडणारी, पुढचे संकट सुचवणारी घटना, आणि तिचे तीन वर्ग आहेत: ग्रहनक्षत्रांत दिसणारे ते दिव्य; उल्का, चंद्रसूर्याभोवतीची खळी, गंधर्वनगर (आकाशात भासणारे शहर) वगैरे ते आंतरिक्ष; आणि भूकंपासारखे ते भौम. हा शब्द मुख्य घटनेला देऊ नका, तिच्या आधीच्या खुणांसाठी राखून ठेवा. चंद्र फुटण्यापूर्वी वर्षभर काय काय दिसले, कोणी ते वाचले आणि दरबारात कोणी ते हसण्यावारी नेले, एवढ्यावर तुमचे दोन सत्रांचे काम भागेल.

आता जरा क्रियापदांकडे बघा. संकट कोसळते, अरिष्ट ओढवते, साथ पसरते, घाला पडतो, प्रलय होतो. गंडांतर मात्र येते आणि टळते. शब्द निवडण्याआधी तुमच्या जगातल्या लोकांना यातले कोणते क्रियापद वापरायचे आहे ते ठरवा, कारण दोष कोणाचा हे क्रियापदातच दडलेले असते. 'ओढवले' म्हटले की कोणीतरी ओढवून घेतलेले असू शकते. 'घाला पडला' म्हटले की घालणारा शोधावा लागतो. तुमच्याकडे अर्धी राज्ये वाचली आणि अर्धी बुडाली असतील, तर मला एक जुने सुभाषित आठवते: सर्वनाश समोर दिसला की शहाणा माणूस अर्ध्यावर पाणी सोडतो. हे तुमच्या जगात कोणी शब्दशः केले असेल तर? संपूर्ण जगावर पडणारा चंद्र एका मंडळाने जादूने फोडून अर्ध्या जगावर वळवला असेल तर? मग डोंगरातली राज्ये त्याला 'गंडांतर' म्हणतील, कारण त्यांच्यापुरते ते टळले. किनाऱ्यावरून पळून आलेले त्याला 'घाला' म्हणतील. एकाच घटनेला दोन शब्द, आणि कोण कोणता वापरतो यावरून धर्मशाळेत त्याची बाजू ओळखू येईल. माझ्या मते एकच भारदस्त नाव शोधण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी.

भाषेत आपत्तींची नावे बहुधा अशीच रुळतात. कोणी समिती बसून ठरवत नाही. 1347 ते 1351 या काळात युरोपात जी प्लेगची साथ आली तिला आज 'काळा मृत्यू' म्हणतात, पण हे नाव नंतर रूढ झाले. तेव्हाचे लोक नुसते 'मोठी मर' अशा अर्थाचे शब्द वापरत. 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या परिणामाने 1816 मध्ये युरोप-अमेरिकेत उन्हाळा असा आलाच नाही. थंडीने पिके बुडालेल्या तिथल्या शेतकऱ्याला तांबोरा कुठे आहे याचा पत्ताही नव्हता. त्याच्या लेखी ते 'बिनउन्हाळ्याचे वर्ष' होते. तुमच्याकडेही पीक न येण्याची वर्षे आहेत, आणि समुद्रापासून दूरच्या खेड्यांनी फुटलेल्या चंद्रापेक्षा तीच जास्त लक्षात ठेवली असतील.

मराठीत तर गावाचे नावच आपत्तीचा शब्द झाले आहे. 1761 नंतर 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार झाला. त्या पराभवाची बातमी पेशव्यांपर्यंत सावकारी भाषेतून आली: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोठ्या दुःखाला लोक सरळ नावाने हाक मारत नाहीत. 'यादवी'चेही तसेच. शापाने निघालेले मुसळ यादवांनी कुटून समुद्रात टाकले, त्याची एरका नावाची लव्हाळी उगवली आणि प्रभासक्षेत्री त्याच लव्हाळ्यांनी त्यांनी एकमेकांना मारले. कुळाचे नाव गेले ते आपसातल्या कत्तलीला कायमचे चिकटले. तुमच्या बुडालेल्या राज्यांपैकी एखाद्याचे नाव असेच क्रियापदाला जोडून टाका. ते राज्य 'आमोद' असेल तर 'त्याचा आमोद झाला' म्हणजे तो होत्याचा नव्हता झाला. खेळाडूंना तीन सत्रांनंतर कळू द्या की हे कधीकाळी एक शहर होते.

मुख्य नाव तरीही हवे असेल तर ते घडवा. मराठीची घडण तयार आहे: ढगफुटी, धरणफुटी, पेपरफुटी. त्याच साच्यात 'चांदफुटी'. ऐकताक्षणी कळते, उपरे वाटत नाही आणि उपहासाने झिजलेलेही नाही. जादू बिघडली त्यासाठी 'नासणे' हे क्रियापद घ्या. दूध नासते, पाणी नासते, तशी विद्या नासली. 'दूषित', 'भ्रष्ट' यांपेक्षा त्याला वास आहे. पोथ्या लिहिणाऱ्या पंडितांना मात्र 'संवर्त' म्हणू द्या. तो खराखुरा संस्कृत शब्द आहे, प्रलयाच्याच अर्थाचा, पण वापरात नसल्यामुळे कोरा वाटतो.

नकाशासाठी एक शब्द सुचवतो: 'बेचिराख'. आज आपण तो 'जळून राख झालेले' अशा अर्थाने वापरतो, पण त्यात राख नाही. मूळ फारसी 'बेचिराग' आहे, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. महसुली दप्तरात वस्ती उठून गेलेल्या गावापुढे हाच शब्द लिहीत. घरे उभी असोत वा पडलेली, दिवा लावायला माणूस नाही एवढेच त्यातून कळे. तुमच्या नकाशावर किनाऱ्यालगतच्या गावांपुढे कारकुनी अक्षरात नुसते 'बेचिराख' लिहा. आणि मग एखाद्या रात्री त्यांतल्याच एका गावात पात्रांना उजेड दिसू द्या.

शेवटी व्यवहाराची बाब. नाव पक्के करण्याआधी त्याला प्रत्यय लावून मोठ्याने म्हणून बघा, कारण तुमच्या जगात कालगणना त्याच घटनेपासून होणार. 'चांदफुटीआधी', 'चांदफुटीनंतर', 'फुटीचे तीनशेवे वर्ष' हे सहज म्हणता येते. 'सर्वनाशानंतरचे तीनशेवे वर्ष' म्हणताना मात्र अडखळायला होते. 'संवर्ता'चा समासही सहज होतो, म्हणून पोथ्यांतल्या तारखा 'संवर्तोत्तर' लिहायला हरकत नाही. चांदफुटी स्त्रीलिंगी आणि संवर्त पुल्लिंगी. पंडिताच्या तोंडी 'तो आला' आणि बाजारात 'ती झाली', एवढे सांभाळा.